कार्यस्थळावरील आरोग्य उपक्रम : कर्मचारी सहभागी का होतात, का होत नाहीत

कारखाना, कार्यालय, हॉटेल, बँक किंवा रुग्णालय अशा कामाच्या ठिकाणी कर्मचाऱ्यांच्या आरोग्यासाठी व्यवस्थापनाने योजलेल्या कार्यक्रमांना ‘वेलनेस कार्यक्रम’ अथवा ‘कार्यस्थळ आरोग्य उपक्रम’ असे म्हटले जाते. रक्तदाब व रक्तशर्करेची तपासणी, नेत्रतपासणी, योगवर्ग, तंबाखूमुक्ती, आहारविषयक मार्गदर्शन, मानसिक समुपदेशन, चालण्याच्या स्पर्धा असे त्याचे नानाविध प्रकार आढळतात. बहुतेक ठिकाणी असा उपक्रम ऐच्छिक असतो आणि त्यामुळेच त्याचे यशापयश प्रामुख्याने एका प्रश्नावर अवलंबून राहते. कर्मचारी त्यात भाग घेतात का, आणि घेतात ते कोणते?

गोव्याच्या बाबतीत या प्रश्नाला विशेष महत्त्व आहे. भारतीय वैद्यक संशोधन परिषद आणि मद्रास डायबेटिस रिसर्च फाउंडेशन यांनी केलेल्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष जून 2023 मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानुसार 20 वर्षे व त्यावरील लोकसंख्येत मधुमेहाचे प्रमाण देशात 11.4 टक्के, तर गोव्यात 26.4 टक्के असून ते सर्व राज्यांत सर्वाधिक आहे. म्हणजे राज्यातील दर चार प्रौढांमागे किमान एकाला हा विकार आहे. मधुमेह व उच्च रक्तदाब हे दोन्ही विकार बराच काळ लक्षणांविना शरीरात राहतात. ज्याला काहीच त्रास जाणवत नाही तो स्वतःहून दवाखान्याची पायरी चढत नाही. अशा व्यक्तीपर्यंत पोहोचण्याचा एक सोपा मार्ग तिच्या कामाच्या ठिकाणावरून जातो. ती तपासणीच्या रांगेत उभी राहिली नाही, तर मात्र शिबिर कितीही नेटके झाले तरी त्याचा मूळ हेतू साध्य होत नाही.

संकल्पनेची वाटचाल

कामगारांच्या आरोग्याची जबाबदारी काही अंशी मालकाने उचलावी, हा विचार भारतात नवा नाही. जमशेदपूर येथील टाटा पोलाद कारखान्यात 1912 मध्ये आठ तासांचा कामाचा दिवस आणि 1915 मध्ये मोफत वैद्यकीय मदत सुरू झाली. स्वातंत्र्यानंतर 1948 चा कारखाना कायदा आणि त्याच वर्षीचा कर्मचारी राज्य विमा कायदा यांनी या जबाबदारीला कायद्याची चौकट दिली. मात्र या सर्व व्यवस्थांचा भर अपघात, व्यवसायजन्य रोग आणि आजारपणातील उपचार यांवर होता.

निरोगी कर्मचाऱ्याने निरोगीच राहावे यासाठी स्वतंत्र कार्यक्रम आखण्याची पद्धत अमेरिकेतील मोठ्या कंपन्यांत विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रुजली. जॉन्सन अँड जॉन्सन कंपनीचा 1979 मधील ‘लिव्ह फॉर लाइफ’ हा कार्यक्रम त्यातील आरंभीचा ठळक दाखला मानला जातो. युरोपात 1997 च्या लक्झेंबर्ग जाहीरनाम्याने या कल्पनेची व्याप्ती वाढवली. कामाचे संघटन व कामाचा परिसर सुधारणे, कर्मचाऱ्यांचा सक्रिय सहभाग मिळवणे आणि वैयक्तिक विकासाला उत्तेजन देणे या तिन्हींचा मेळ म्हणजे कार्यस्थळ आरोग्यसंवर्धन, अशी त्याची मांडणी आहे. भारतात केंद्रीय आयुष मंत्रालयाने 2021 मध्ये ‘वाय-ब्रेक’ हे मोबाइल अ‍ॅप आणले. कार्यालयात बसल्या जागी करता येईल असा पाच मिनिटांचा योगक्रम त्यात आहे.

बंधनकारक काय, ऐच्छिक काय

कर्मचाऱ्यांना सहभागी होण्याचे आवाहन करण्यापूर्वी कायद्याने बंधनकारक गोष्टी आणि ऐच्छिक उपक्रम यांतील सीमारेषा स्पष्ट असणे आवश्यक आहे. स्वच्छ पिण्याचे पाणी, प्रथमोपचार पेटी, स्वच्छतागृहे, विश्रांतीची जागा आणि धोकादायक प्रक्रियांशी संबंधित कामगारांची वैद्यकीय तपासणी या बाबी कारखाना कायद्याने पूर्वीपासूनच मालकाचे कर्तव्य ठरवल्या होत्या. हा कायदा आता व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थितीविषयक संहिता, 2020 मध्ये समाविष्ट झाला असून ही संहिता 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झाली आहे. ठरवून दिलेल्या वयाच्या अथवा वर्गाच्या कर्मचाऱ्यांची वार्षिक आरोग्य तपासणी मालकाने विनामूल्य करून द्यावी, अशी तरतूद या संहितेत आहे. जुन्या कायद्यानुसार 250 हून अधिक कामगार असलेल्या कारखान्यात कॅन्टीन आवश्यक होते. नव्या संहितेत कंत्राटी कामगारांसह 100 कामगारांची मर्यादा ठेवण्यात आली आहे.

दरमहा 21,000 रुपयांपर्यंत वेतन असलेले कर्मचारी कर्मचारी राज्य विमा योजनेच्या कक्षेत येतात. त्यांना उपचारांबरोबरच आजारपणाच्या काळात वर्षाला 91 दिवसांपर्यंत वेतनाच्या 70 टक्के दराने रोख लाभ मिळण्याची सोय आहे. मडगाव येथे या योजनेचे रुग्णालय आहे. आजार उघड झाला तर पगार बुडेल, ही भीती तपासणी टाळण्यामागे पुष्कळदा असते. त्यामुळे शिबिराच्या सूचनेबरोबर या लाभाची माहिती दिल्यास ती भीती काही अंशी कमी होऊ शकते.

कर्मचाऱ्याच्या हक्काची गोष्ट ‘वेलनेस’ म्हणून सादर केली गेली की उपक्रमाविषयी संशय निर्माण होतो. ज्या विभागात पंखे बंद आहेत किंवा पाण्याचा कूलर महिनोन्‌महिने नादुरुस्त आहे, तेथे ‘दिवसाला आठ ग्लास पाणी प्या’ असा फलक लावल्यास त्याची चेष्टाच होते. म्हणून बंधनकारक सोयी प्रथम आणि ऐच्छिक उपक्रम नंतर, हा क्रम पाळणे श्रेयस्कर ठरते.

रांगेत कोण असते

आरोग्य उपक्रमांच्या उपयुक्ततेविषयी सर्वाधिक विश्वसनीय माहिती अमेरिकेतील दोन मोठ्या प्रयोगांतून मिळाली आहे. इलिनॉय विद्यापीठाने 2016 मध्ये आपल्या कर्मचाऱ्यांसाठी सुरू केलेल्या कार्यक्रमात 4,834 कर्मचाऱ्यांची सोडत पद्धतीने दोन गटांत विभागणी करण्यात आली. एका गटाला कार्यक्रमात प्रवेश मिळाला, दुसऱ्याला मिळाला नाही. पहिल्या वर्षअखेरीस दोन्ही गटांच्या वैद्यकीय खर्चात, आरोग्यविषयक सवयींत वा उत्पादकतेत म्हणावा असा फरक दिसला नाही. प्रवेश मिळालेल्यांपैकी प्रत्यक्ष भाग घेणारे आणि न घेणारे यांची तुलना केली असता मात्र फरक मोठा होता. भाग घेणाऱ्यांचा वैद्यकीय खर्च कार्यक्रम सुरू होण्याच्या आधीपासूनच कमी होता आणि व्यायामशाळेत जाण्याची सवयही त्यांना आधीपासून होती.

दुसरा प्रयोग बीजेज या किरकोळ विक्री साखळीच्या 160 दुकानांतील 32,974 कर्मचाऱ्यांवर झाला. त्याचे निष्कर्ष 2019 मध्ये प्रसिद्ध झाले. ज्या दुकानांत कार्यक्रम राबवला तेथे नियमित व्यायाम करत असल्याचे सांगणाऱ्यांचे प्रमाण 8.3 टक्के-अंकांनी, तर वजन आटोक्यात ठेवण्याचा प्रयत्न करत असल्याचे सांगणाऱ्यांचे प्रमाण 13.6 टक्के-अंकांनी अधिक आढळले. परंतु 18 महिन्यांनंतरही रक्तदाब, कोलेस्टेरॉल, गैरहजेरी किंवा वैद्यकीय खर्च यांत लक्षणीय फरक पडला नव्हता.

या प्रयोगांवरून असे उपक्रम निरुपयोगी असल्याचा निष्कर्ष काढणे घाईचे होईल. तपासणीत वेळीच सापडलेला मधुमेह ही त्या व्यक्तीपुरती मोठीच गोष्ट असते. मात्र उपस्थितीच्या आकड्यावर समाधान मानणे किती फसवे असते, हे इलिनॉयच्या अनुभवातून स्पष्ट होते. योगवर्गाला येणारे तीस जण बहुधा घरीही सूर्यनमस्कार घालणारे असतात. रात्रपाळी करणारा, वजन वाढलेला, सिगारेट सोडू न शकलेला किंवा औषधे अर्धवट टाकलेला सहकारी त्या तीस जणांत क्वचितच असतो. सहभाग वाढवणे म्हणजे ही अनुपस्थित माणसे उपक्रमापर्यंत का येत नाहीत याचा शोध घेणे होय.

बक्षीस आणि दंड

सहभागासाठी आमिष दाखवणे हा सर्वांत प्रचलित उपाय आहे. त्याचा परिणाम होतो, पण त्याला मर्यादाही आहेत. इलिनॉयच्या प्रयोगात तपासणीसाठी काहीही बक्षीस नव्हते तेव्हा 47 टक्के कर्मचाऱ्यांनी ती पूर्ण केली. शंभर डॉलर देऊ केल्यावर हे प्रमाण 59 टक्क्यांवर गेले. बक्षीस दुप्पट केल्यावर ते केवळ 63 टक्क्यांपर्यंत पोहोचले. दोनशे डॉलरच्या बक्षिसानंतरही एक तृतीयांशाहून अधिक कर्मचारी दूर राहिले, याचा अर्थ त्यांना अडवणारे कारण पैशाचे नव्हते.

दंडाचा मार्ग तर अंगलट येण्याचीच शक्यता अधिक असते. अमेरिकेतील वेस्ट व्हर्जिनिया राज्यात शिक्षकांच्या आरोग्य विम्याशी एक अ‍ॅप जोडण्याचा प्रस्ताव होता. त्यावर पावले व अन्य आरोग्यविषयक नोंदी करून ठरावीक गुण न मिळवणाऱ्यांना दरमहा 25 डॉलर अधिक भरावे लागणार होते. शिक्षकांच्या तीव्र विरोधानंतर हा प्रस्ताव मागे घेण्यात आला. फेब्रुवारी 2018 मध्ये त्या राज्यात झालेल्या शिक्षकांच्या संपामागे वेतन व विम्याच्या प्रश्नांबरोबरच हा असंतोषही होता.

भारतात असा थेट दंड सहसा आढळत नाही. पण ‘ऐच्छिक’ म्हटलेल्या योगवर्गाची हजेरी पर्यवेक्षकाकडे जात असेल, किंवा सहभागी विभागांची नावे फलकावर लावून उरलेल्यांना अप्रत्यक्षपणे खाली पाहायला लावले जात असेल, तर तोही एक प्रकारचा दंडच ठरतो. गुडघेदुखी असलेला, गरोदर असलेली किंवा हृदयविकाराचे औषध घेणारा कर्मचारी दहा हजार पावलांच्या स्पर्धेत मागे पडणारच. अशा वेळी आपले आजारपण उघड करणे किंवा आळशी ठरणे, असे दोनच पर्याय त्याच्यापुढे उरतात. त्यामुळे सर्वांना एकाच मापाने मोजणाऱ्या स्पर्धेपेक्षा प्रत्येकाला आपापले उद्दिष्ट निवडता येईल अशी रचना अधिक न्याय्य असते.

अहवाल कोणाच्या हाती

कर्मचारी तपासणीला न येण्याचे एक मोठे कारण उघडपणे फारसे बोलले जात नाही. आपला अहवाल व्यवस्थापनाच्या हाती पडेल, ही ती धास्ती होय. कंत्राटाचे नूतनीकरण तोंडावर आलेले असताना रक्तातील साखर 300 निघाली तर काय, बढतीच्या यादीत नाव असताना समुपदेशकाकडे गेल्याचे कळले तर काय, हे प्रश्न त्याच्या दृष्टीने पूर्णतः व्यावहारिक असतात.

जपानने या धास्तीवर कायद्याने उपाय योजला आहे. डिसेंबर 2015 पासून तेथे 50 किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना वर्षातून एकदा मानसिक ताणाची चाचणी उपलब्ध करून द्यावी लागते. चाचणी देण्याची सक्ती कर्मचाऱ्यावर नाही. निकाल थेट कर्मचाऱ्याला कळवला जातो आणि त्याच्या संमतीविना तो मालकाला दाखवता येत नाही. व्यवस्थापनाला संपूर्ण विभागाचे एकत्रित चित्र मात्र मिळू शकते, ज्यावरून कोणत्या विभागात ताण अधिक आहे हे समजते. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या 1985 च्या व्यावसायिक आरोग्य सेवांविषयीच्या 161 क्रमांकाच्या करारातही आरोग्य सेवकांना मालक व कामगार या दोघांपासून पूर्ण व्यावसायिक स्वातंत्र्य असावे, असे म्हटले आहे. गैरहजेरीमागील कारण खरे की खोटे याची पडताळणी मालकाने या सेवकांकडून करून घेऊ नये, असेही त्यात नमूद आहे.

भारतातील कायदेही याच दिशेने जातात. 2017 च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने उपचार घेणाऱ्याला गोपनीयतेचा हक्क दिला आहे. त्याच वर्षीच्या एचआयव्ही-एड्सविषयक कायद्याने नोकरीसाठी या चाचणीची अट घालण्यास मनाई केली आहे. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यानुसार संमती ही मुक्त, विशिष्ट व माहितीपूर्ण असावी लागते. व्यवहारात याचा सोपा अर्थ असा, की तपासणी बाहेरील प्रयोगशाळेने किंवा स्वतंत्र डॉक्टरांनी करावी, अहवाल बंद पाकिटात वा थेट कर्मचाऱ्याच्या मोबाइलवर जावा आणि मनुष्यबळ विभागाला केवळ एकत्रित आकडे मिळावेत. दहा-बारा जणांच्या लहान विभागाचे एकत्रित आकडेही वेगळे काढू नयेत, कारण त्यांवरून व्यक्ती सहज ओळखता येते. ज्यांना समुपदेशनासाठी कंपनीच्या व्यवस्थेवर विसंबायचे नाही त्यांना 14416 हा ‘टेली मानस’ या शासकीय सेवेचा विनामूल्य क्रमांक माहीत असणेही उपयोगाचे आहे. ही सेवा ऑक्टोबर 2022 मध्ये सुरू झाली.

वेळ, जागा आणि भाषा

वर उल्लेखिलेल्या 161 क्रमांकाच्या करारातच आणखी एक मूलभूत तत्त्व आहे. कामाशी निगडित आरोग्य तपासणीमुळे कामगाराचे वेतन बुडू नये, ती विनामूल्य असावी आणि शक्यतो कामाच्या वेळेतच व्हावी. अनेक उपक्रम नेमके येथेच अडखळतात.

वेर्णा, कुंडई किंवा पिळर्ण येथील औद्योगिक वसाहतींत काम करणारे बरेच कर्मचारी दूरच्या तालुक्यांतून, तर काही सिंधुदुर्गातूनही रोज ये-जा करतात. पाळी संपताच त्यांना कंपनीची वा कदंबची बस गाठायची असते. संध्याकाळी साडेपाचला ठेवलेला योगवर्ग त्यांच्यासाठी नसल्यातच जमा असतो. घरी स्वयंपाक, मुलांचा अभ्यास आणि वृद्धांची देखभाल वाट पाहत असलेल्या महिला कर्मचाऱ्यांची स्थिती याहून वेगळी नसते. पर्यटन व्यवसायात ऑक्टोबर ते मार्च हा गर्दीचा हंगाम असतो. त्या काळात शिबिर ठेवल्यास हॉटेलमधील खोल्यांची साफसफाई करणारे आणि स्वयंपाकघरातील कर्मचारी येऊ शकत नाहीत. त्यांच्यासाठी पावसाळ्याचे महिने अधिक सोयीचे. तिन्ही पाळ्यांना सामावून घेण्यासाठी तपासणी पहाटे व रात्रीही ठेवावी लागते. उपाशीपोटी द्यावयाचे रक्त असल्यास नंतर अल्पोपाहाराची सोय लागते. या गोष्टी किरकोळ दिसतात, तथापि उपस्थिती प्रत्यक्षात यांवरच ठरते.

भाषेचाही विचार तितकाच आवश्यक आहे. संमतीपत्र व प्रश्नावली केवळ इंग्रजीत असल्यास कोकणी, मराठी, कन्नड वा हिंदी बोलणारा कामगार ती न वाचताच सही करतो किंवा सही करण्याचे टाळतो. कंत्राटी कामगार, सुरक्षारक्षक आणि सफाई कर्मचारी यांना तर अनेकदा निमंत्रणच नसते, कारण कागदोपत्री ते ठेकेदाराचे कर्मचारी असतात. सर्वाधिक अंगमेहनतीचे आणि अनियमित वेळेचे काम याच वर्गाकडे असते. एकाच छताखाली काम करणाऱ्या सर्वांसाठी उपक्रम खुला ठेवला, तरच त्याला कार्यस्थळाचा उपक्रम म्हणता येईल.

काम तेच, सल्ला नवा

ऑक्सफर्ड विद्यापीठातील एका संशोधनात ब्रिटनमधील 233 संस्थांच्या 46,336 कर्मचाऱ्यांच्या माहितीचा अभ्यास करण्यात आला. ताणनियंत्रणाचे वर्ग, ध्यानधारणेची अ‍ॅप, सहनशीलता वाढवण्याचे प्रशिक्षण अशा वैयक्तिक उपायांत भाग घेणाऱ्यांचे मानसिक स्वास्थ्य भाग न घेणाऱ्यांपेक्षा सरस आढळले नाही. स्वयंसेवी कार्याची संधी हा त्याला अपवाद होता. 2024 मध्ये प्रसिद्ध झालेला हा निष्कर्ष जागतिक आरोग्य संघटनेच्या सप्टेंबर 2022 मधील मार्गदर्शक तत्त्वांशी जुळतो. नैराश्य व चिंताविकार यांमुळे जगभरात दरवर्षी सुमारे 12 अब्ज कामाचे दिवस वाया जातात, असा संघटनेचा अंदाज आहे. त्यावर कामाचा भार, वेळा व कामातील सहभाग यांत बदल आणि व्यवस्थापकांचे प्रशिक्षण असे संस्थात्मक उपाय तिने सुचवले आहेत.

ज्याला सलग दहा दिवस सुटी मिळालेली नाही त्याला ‘पुरेशी झोप घ्या’ असे व्याख्यान ऐकवल्यास पुढच्या व्याख्यानाला तो येत नाही. उलट पाळ्यांचे वेळापत्रक दोन आठवडे आधी जाहीर केले, उभ्याने काम करणाऱ्यांना अधूनमधून बसण्यासाठी आसने दिली, कॅन्टीनमध्ये तळलेल्या पदार्थांबरोबर भाजी, उसळ, उकड्या तांदळाची पेज रास्त दरात ठेवली, तर कोणतीही नोंदणी न करता प्रत्येक कर्मचारी उपक्रमाचा भाग होतो. असे बदल दिसू लागले की तपासणीच्या आवाहनावरही विश्वास बसतो.

नियोजनात कर्मचाऱ्यांचाच वाटा असणे हा या विश्वासाचा दुसरा आधार आहे. कामगार संघटना, महिला कर्मचारी, कंत्राटी कामगार आणि प्रत्येक पाळी यांचे प्रतिनिधी असलेली छोटी समिती उपक्रम ठरवण्याआधीच नेमावी. लोकांना काय हवे आहे, हे ती विचारू शकते. कित्येकदा उत्तर झुंबा वा ध्यान असे नसून पाठदुखीवर इलाज, कर्जाच्या हप्त्यांविषयी सल्ला किंवा आई-वडिलांच्या औषधोपचारांची माहिती असे येते. व्यवस्थापकाने स्वतः सर्वांबरोबर रांगेत उभे राहून रक्तदाब मोजून घेणे हेही कोणत्याही परिपत्रकापेक्षा अधिक बोलके असते.

तपासणीनंतर

उपक्रमाचे मोजमाप ‘इतक्या जणांनी लाभ घेतला’ या वाक्यावर थांबू नये. दोष आढळलेल्यांपैकी किती जण महिनाभरात डॉक्टरांपर्यंत पोहोचले आणि सहा महिन्यांनी किती जणांचे उपचार चालू आहेत, हे आकडे अधिक अर्थपूर्ण असतात. ते तपासणी करणाऱ्या स्वतंत्र यंत्रणेने, नावे न उघड करता, समितीला द्यावेत. शिबिराच्या जागीच पुढील उपचारांचा मार्ग सांगितला गेला पाहिजे. गोव्यात प्राथमिक आरोग्य केंद्रे, म्हापसा व मडगाव येथील जिल्हा रुग्णालये, बांबोळीचे गोवा वैद्यकीय महाविद्यालय, विमाधारकांसाठी राज्य विमा योजनेचे दवाखाने आणि 2016 मध्ये सुरू झालेली दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजना अशा व्यवस्था उपलब्ध आहेत. त्यांपैकी आपल्याला कोणती लागू आहे हे अहवालाबरोबरच कळले, तर कर्मचाऱ्याची पायपीट वाचते.

नोंदणीपत्रावर सही करण्यापूर्वी कर्मचाऱ्यानेही काही गोष्टी विचारून घ्याव्यात. अहवाल कोण पाहणार, तो किती काळ जपून ठेवला जाणार, तपासणीचा वेळ कामाचा धरला जाणार का, नकार दिल्यास काही परिणाम होणार का आणि दोष आढळल्यास पुढे कोणाकडे जायचे? ज्या आस्थापनेत या पाचही प्रश्नांची उत्तरे सूचनेच्या पहिल्याच कागदावर, कर्मचाऱ्याला वाचता येणाऱ्या भाषेत छापलेली असतात, तेथे सहभागासाठी वेगळे आर्जव करण्याची गरज फारशी भासत नाही.